नवी आवृत्ती विका, पण जुनी काढून घेऊ नका

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये रॉकस्टार गेम्स या कंपनीने आपल्या तीन जुन्या गेम्सच्या, म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ (‘जीटीए ३’), ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ यांच्या, नव्याने सजवलेल्या आवृत्त्या एका संचात आणत असल्याचे जाहीर केले. त्याच निवेदनात आणखी एक वाक्य होते. या तिन्ही गेम्सच्या विक्रीत असलेल्या आवृत्त्या पुढच्या आठवड्यापासून डिजिटल दुकानांतून काढायला सुरुवात होईल, असे त्यात म्हटले होते. बहुतेकांचे लक्ष पहिल्या बातमीकडे गेले आणि ते स्वाभाविकही होते; पण सार्वजनिक चर्चेचा खरा विषय त्या दुसऱ्या वाक्यात होता. जुना गेम नव्या रूपात पुन्हा विकायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. नवा माल खपावा म्हणून जुना माल फळीवरून उचलायचा आणि ज्याला तो जुनाच हवा आहे त्याच्यापुढे पर्यायच ठेवायचा नाही, हा व्यवहार मात्र ग्राहकावर अन्याय करणारा आहे आणि आपल्याकडच्या कायद्यानेही त्यात लक्ष घातले पाहिजे, असे मला आग्रहाने मांडायचे आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. ‘व्हाइस सिटी’ पीसीवर २००३ साली आला आणि पुढची कित्येक वर्षे मोठ्या शहरांतच काय, तालुक्याच्या गावांतल्या सायबर कॅफेंतही तो चालत राहिला. चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलेले असत. ‘पॅन्झर’ टाइप केले की समोर रणगाडा उभा राही आणि ‘ॲस्पिरिन’ टाइप केले की गेलेली शक्ती परत येई. यातल्या बहुतेक प्रती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या सीडीच्या दुकानात मिळणाऱ्या पायरेटेड सीडींवरून आलेल्या होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. ती पिढी आता कमावती झाली आहे. स्टीम या पीसी गेम्सच्या सर्वांत मोठ्या डिजिटल दुकानाने २०१५च्या अखेरीस रुपयांत किमती दाखवायला सुरुवात केली, पैसे भरण्याच्या सोयी वाढल्या, आणि एके काळी फुकट किंवा चाळीस-पन्नास रुपयांच्या सीडीवर खेळलेले गेम्स लोक स्वखुशीने, कायदेशीर मार्गाने विकत घेऊ लागले. कोणी बडगा उगारला म्हणून हे घडलेले नाही. परवडणारी किंमत आणि सोपी खरेदी मिळाली की माणसे पैसे मोजतात, याचा हा पुरावा आहे आणि मी तो फार मोलाचा मानतो. म्हणूनच अशा ग्राहकाला पायरेटेड सीडीवाल्यापेक्षा कमी हक्क मिळत असतील, तर ती साधी गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही. २००४ साली घेतलेल्या त्या सीडीवरचा गेम दूरवरच्या कोणी बदलू शकत नाही, काढून घेऊ शकत नाही. पैसे मोजून घेतलेल्या गेमबद्दल मात्र अशी खात्री कोणी देत नाही.

नवा संच ११ नोव्हेंबर २०२१ रोजी आला, तेव्हा जुन्या आवृत्त्या काढून घेण्याचा परिणाम लख्ख दिसला. जुनी चित्रे मोठ्या प्रमाणावर यंत्राकरवी गुळगुळीत करून घेतलेली होती. गेममधल्या एका डोनटच्या दुकानावर नट-बोल्टातल्या नटची मोठी प्रतिकृती होती आणि दुकानाच्या नावातही ‘नट’ हा शब्द होता. नव्या आवृत्तीत त्या नटचे सहाही कोपरे घासले जाऊन तो नुसता गोल झाला. मूळ कलाकाराने काय योजले होते हे ज्याला ठाऊक नाही, अशा प्रक्रियेच्या हाती काम सोपवल्याची ती खूण होती. पाट्यांवरची अक्षरे चुकली, ओळखीच्या पात्रांचे चेहरे विचित्र झाले, पाऊस पडू लागला की जाड पांढऱ्या रेघांमुळे समोरचा रस्ता दिसेना. ‘सॅन अँड्रियास’मध्ये दूरवर धुके असे. त्या काळच्या यंत्रांची मर्यादा झाकण्यासाठी ते घातलेले होते, पण त्यामुळेच तो प्रदेश अफाट वाटे. नव्या आवृत्तीत धुके हटले आणि उंचावरून पाहता सगळा मुलूख एका नजरेत मावू लागला. त्यातच पीसीवर गेम सुरू करून देणारा रॉकस्टारचा प्रोग्राम, म्हणजे लाँचर, एक दिवसाहून अधिक काळ बंद राहिला आणि पैसे भरलेल्यांनाही गेम उघडता येईना. या संचाची अमेरिकेतली किंमत ६० डॉलर होती, म्हणजे नव्याकोऱ्या मोठ्या गेमइतकीच.

खेळणाऱ्यांचा संताप एवढा होता की १९ नोव्हेंबरला कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि पीसीवरच्या जुन्या आवृत्त्या आपल्या स्वतःच्या दुकानात संच म्हणून परत आणण्याचे मान्य केले. जुने गेम्स विक्रीत ठेवणे कंपनीला शक्य होते, हे यावरून उघड झाले. ते काढण्यामागे तांत्रिक अडचण असती तर आठवड्याभरात ती दूर झाली नसती. त्याच वर्षी काही हौशी प्रोग्रामरांनी ‘जीटीए ३’ आणि ‘व्हाइस सिटी’ यांची संगणकीय रचना उलगडून ते आजच्या यंत्रांवर नीट चालतील अशी सोय केली होती. त्यांच्यावर कंपनीच्या मालकसंस्थेने, म्हणजे टेक-टू इंटरॲक्टिव्हने, सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत दावा लावला. आपल्या हक्कांचे रक्षण करण्याचा अधिकार मालकाला आहेच. पण चाहत्यांना जतन करू द्यायचे नाही आणि स्वतः विक्रीतही ठेवायचे नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की वीस वर्षे लाखो लोकांच्या आठवणीचा भाग असलेली कृती केवळ एका कंपनीच्या विक्रीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते.

हा प्रकार त्या एका कंपनीपुरता मर्यादित नाही. ‘डार्क सोल्स’ची नवी आवृत्ती २०१८ साली आली तेव्हा स्टीमवरून जुनीची विक्री थांबली. ‘वॉरक्राफ्ट ३’चे प्रकरण त्याहून गंभीर होते. त्याची नवी आवृत्ती २०२० मध्ये आली आणि ज्यांनी ती घेतलीच नव्हती, ज्यांच्याकडे कित्येक वर्षांपूर्वी घेतलेला मूळ गेम होता, त्यांनाही ऑनलाइन खेळण्यासाठी नव्या आवृत्तीचाच प्रोग्राम घ्यावा लागला आणि त्यातल्या उणिवा सोसाव्या लागल्या. ‘जीटीए ४’ २००८ साली आला. त्यातल्या गाण्यांचे परवाने दहा वर्षांचे होते, आणि एप्रिल २०१८ मध्ये अपडेट आले तेव्हा गेममधल्या ‘व्लादिवोस्तोक एफएम’ या रशियन रेडिओ स्टेशनवरची बहुतेक गाणी नाहीशी होऊन तिथे दुसरीच वाजू लागली. या मालिकेत गाडी चालवताना ऐकू येणारा रेडिओ हा कथेइतकाच महत्त्वाचा असतो, हे ज्याने दोन तास तरी ती खेळली आहे तो सांगेल. विकून झालेली वस्तू ग्राहकाच्या घरात येऊन बदलण्याचा हक्क दुसऱ्या कोणत्याही धंद्यात आपण विक्रेत्याला दिला नसता.

आता सवलतींबद्दल. डिजिटल सेलच्या मी मुळीच विरोधात नाही. गेमची आणखी एक प्रत द्यायला विक्रेत्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, त्यामुळे किंमत पाऊण हिश्शाने उतरवूनही त्याचे नुकसान होत नाही आणि नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला जगातले उत्तम काम हाताशी येते. छोट्या निर्मात्यांना तर सेलचा मोठा आधार असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा प्राचीन भारतीय कथाविश्वावर उभारलेला गेम आणला. अशा स्टुडिओकडे जाहिरातीवर उधळायला पैसा नसतो, आणि सेलच्या पानावर नाव झळकले की एरवी ज्यांच्यापर्यंत पोहोचताच आले नसते असे ग्राहक मिळतात.

पण सेलमुळे खरेदीचे स्वरूप बदलते आणि माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे. पूर्ण किंमत मोजून घेतलेला गेम माणूस त्याच आठवड्यात खेळायला बसतो. सेलमधला गेम तो पुढेमागे खेळण्यासाठी घेऊन ठेवतो. विशलिस्टमधल्या गेमची किंमत उतरल्याची ईमेल येते, सवलत कधी संपणार ती तारीख समोर दिसत असते, आणि आज घेतला नाही तर पुन्हा कधी मिळेल या विचाराने एकाऐवजी चार गेम्स घेतले जातात. सेलमध्ये हात मोकळा सोडणाऱ्या बहुतेकांच्या लायब्ररीत एकदाही न उघडलेले गेम्स सापडतील. म्हणजे सवलतीत ग्राहक जे घेतो ते मुख्यतः भविष्यात खेळता येईल हे आश्वासन असते. स्टीमवर पैसे परत मिळण्याची सोय खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमपुरती आहे. जूनअखेरच्या सेलमध्ये घेतलेला गेम दिवाळीच्या सुट्टीत उघडला आणि तो चालत नाही असे दिसले, तर ती मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. टिकाऊपणाची हमी ज्या खरेदीला सर्वांत जास्त हवी, नेमक्या त्याच खरेदीला ती मिळत नाही. ‘एवढ्या स्वस्तात मिळाला, मग तक्रार कशाला’ हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. किंमत कमी करणे हा विक्रेत्याने आपल्या फायद्यासाठी घेतलेला निर्णय आहे, त्याच्या बदल्यात ग्राहकाने आपला हक्क सोडून दिलेला नसतो.

हे आश्वासन मोडले तर काय होते ते ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमने दाखवले. युबिसॉफ्टने तो डिसेंबर २०१४ मध्ये आणला, डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचा सर्व्हर बंद केला. त्यात एकट्याने खेळण्याचा मोठा भाग होता, तरी सर्व्हरशिवाय गेम सुरूच होत नसल्याने ज्यांनी तो घेतला त्या सर्वांच्या हाती काहीच उरले नाही. पुढे अनेकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. यातून रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. विकलेला गेम सर्व्हर बंद झाल्यावरही चालू शकेल अशा स्थितीत ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे, एवढीच तिची मागणी आहे, आणि त्यासाठी युरोपीय संघाकडे केलेल्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून कितीतरी अधिक नागरिकांनी सह्या केल्या. विशेष म्हणजे टीका झाल्यावर युबिसॉफ्टनेच याच मालिकेतल्या पुढच्या दोन गेम्सना इंटरनेटशिवाय चालण्याची सोय देण्याचे सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. इच्छा असेल तर मार्ग निघतो, हे इथेही सिद्ध झाले.

विक्रेत्यांची बाजू मी हलकी मानत नाही. गाण्यांचे, गाड्यांच्या नावांचे, खेळाडूंच्या चेहऱ्यांचे परवाने मुदतीचे असतात. सर्व्हर चालवायला पैसा लागतो. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या विंडोजवर नीट चालेलच असे नाही आणि तो विकला तर तक्रारींना उत्तरे द्यावी लागतात. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांतली एकही ग्राहकाला अंधारात ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. ‘ॲलन वेक’ या गेमच्या बाबतीत मे २०१७ मध्ये हीच वेळ आली होती. संगीताच्या परवान्यांची मुदत संपत असल्याने तो विक्रीतून काढावा लागणार होता; रेमेडी या फिनलंडच्या कंपनीने ते कारण उघडपणे सांगितले, जाण्यापूर्वी ९० टक्के सवलतीत तो विकला आणि ज्यांनी घेतला त्यांच्याकडे तो राहिला. परवान्यांचा प्रश्न सुटल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये तो विक्रीत परतला. सवलतीचा याहून सचोटीचा उपयोग माझ्या पाहण्यात नाही. सीडी प्रोजेक्टने डिसेंबर २०२२ मध्ये ‘विचर ३’चे नवे रूप आणले तेव्हा जुन्या ग्राहकांना ते विनामूल्य दिले. याच समूहाने २००८ मध्ये सुरू केलेल्या गॉग या दुकानात तर गेमचा इन्स्टॉलर उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि तो चालवायला कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही. तिथेही कागदोपत्री परवानाच मिळतो, पण फाइल ग्राहकाच्या ताब्यात असते, आणि व्यवहारात या फरकाला फार किंमत आहे.

जुन्याला फारशी मागणीच नसते, असेही सांगितले जाते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत त्या देशात निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत असे आढळले. जे मिळतच नाही त्याची मागणी मोजणार कशी? शिवाय चित्रपटाची किंवा पुस्तकाची जुनी प्रत ग्रंथालयात, रद्दीच्या दुकानात, कोणाच्या तरी कपाटात सापडते. डिजिटल दुकानातून उतरलेल्या गेमला असा दुसरा आसरा नसतो, कारण तो उसना देता येत नाही आणि जुन्या डिस्कसारखा दुकानात देऊन दुसरा घेताही येत नाही. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने स्टीमवरचे गेम्स पुन्हा विकता यावेत म्हणून खटला लढवला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

आपल्याकडे गेमिंग आणि कायदा हे शब्द एकत्र आले की चर्चा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांकडे वळते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्याचा रोखही मुख्यतः तिकडेच आहे, आणि तो विषय गंभीर आहे यात शंका नाही. पण पैसे देऊन गेम विकत घेणाऱ्या साध्या ग्राहकाचा विचार त्यात नाही. त्याच्यासाठी नवा कायदा लागेलच असे मला वाटत नाही, कारण हाताशी असलेल्या कायद्यांत बरेच काही आहे. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार संगणकीय प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नाशापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करून ठेवता येते. परंतु सर्व्हरने होकार दिल्याशिवाय जी प्रत उघडतच नाही, ती राखून काय उपयोग? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा एका पक्षाला देणारे कलम त्या व्याख्येत स्पष्टपणे येते. डिजिटल दुकानांचे करारनामे या कसोटीवर तपासून पाहण्यासारखे आहेत. अडचण अशी की अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते. चार-पाचशे रुपयांच्या गेमसाठी वकील लावून राज्य आयोगाची पायरी कोण चढणार? प्रत्येकाचे नुकसान किरकोळ आणि मिळून साऱ्यांचे मोठे, अशा वेळी एकेकट्या ग्राहकाने लढावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून हे काम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हाती घेतले पाहिजे. याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांतल्या फसव्या मांडणीला (‘डार्क पॅटर्न’) आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली; तिच्या तेरा प्रकारांत खोटी निकड निर्माण करणे आणि एक दाखवून दुसरेच गळ्यात मारणे हे दोन्ही आहेत. गेम्सच्या दुकानांना ती कशी लागू होतील हे स्पष्ट करणारे परिपत्रक काढायला फार मोठी तयारी लागणार नाही. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाला केवळ मागे घेता येणारा परवाना मिळत असेल तर तसे पैसे भरण्यापूर्वी ठळकपणे सांगणे सक्तीचे आहे, आणि गेम कायमचा उतरवून ठेवता येत असेल तर त्यातून सूट आहे. युरोपीय संघात मे २०२२ पासून सवलत दाखवताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत द्यावी लागते, त्यामुळे भाव चढवून मग उतरवल्याचा देखावा करता येत नाही. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे तशाच आणाव्यात. त्यांच्या जोडीला माझी आणखी एक मागणी आहे, जी या दोन्ही कायद्यांत नाही. एखाद्या गेमची नवी आवृत्ती विकायची असेल तर जुनी आवृत्ती किमान काही वर्षे विक्रीत ठेवावी. तिचे परवाने संपले असतील किंवा सर्व्हर बंद होणार असेल, तर ती तारीख आधीपासून, विशेषतः सवलतीच्या किमतीशेजारी, लिहिलेली असावी. आणि ज्यांनी ती घेतली आहे त्यांच्या प्रतीला नव्या आवृत्तीच्या नावाखाली हात लावू नये.

ही दुकाने परदेशी आहेत, त्यांना आपले नियम कसे लावणार, असा प्रश्न येईल. ती भारतातल्या ग्राहकाला रुपयांत किंमत दाखवतात, भारतीय बँकांतून पैसे घेतात आणि परदेशातून पुरवल्या जाणाऱ्या अशा डिजिटल सेवांवर २०१७ पासून आपण जीएसटी आकारतो. कराच्या बाबतीत जो व्यवहार भारतात झाला असे आपण मानतो, तो ग्राहकाच्या हक्कांच्या बाबतीत परदेशात झाला असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आज कोणालाही तक्रार नोंदवता येते, आणि ज्यांचा गेम असा बदलला किंवा गेला त्यांनी ती अवश्य नोंदवावी. पण प्राधिकरणाला त्यासाठी थांबण्याची गरज नाही; ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांचा भंग होत असेल तर तक्रार आलेली नसतानाही स्वतःहून चौकशी करण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १८ ने त्याला दिलेला आहे.